वर्गीकृत आकड्यांचा वारंवारता बहुभुज व त्याचा शेतकऱ्यास उपयोग

एखाद्या गावी नव्या बियाण्याचा एक वाफा व जुन्या बियाण्याचा एक वाफा शेजारी शेजारी पेरतात. कापणीच्या दिवशी नव्या वाफ्याचे वजन जुन्यापेक्षा वीस टक्के अधिक भरते. मंडळी जमलेली असतात, तराजू सर्वांच्या डोळ्यांदेखत लागलेला असतो आणि त्याच संध्याकाळी पन्नास शेतकरी नव्या बियाण्याची मागणी नोंदवितात. या व्यवहारात लबाडी कोणाचीही नसते. तराजूही खरा असतो. तथापि एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. दोन्ही वाफ्यांत एकच बियाणे पेरले असते, तर वजने सारखी भरली असती काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यास ठाऊक नाही, त्याने वीस टक्क्यांचा फरक पाहून पैसे खर्च करणे म्हणजे अंधारात पाऊल टाकण्यासारखे आहे.

सुदैवाने हा प्रश्न फार पूर्वी एका शेतास प्रत्यक्ष विचारण्यात आला होता. त्याचे उत्तर आकड्यांच्या रूपाने आजही उपलब्ध आहे. ते आकडे चित्ररूपाने कसे मांडावे, त्यासाठी संगणकावरील गणिती सॉफ्टवेअरचे साहाय्य कसे घ्यावे, आणि चित्रावरून काय समजावे व काय समजू नये, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

रोथॅमस्टेड येथील पाचशे वाफे

इंग्लंडात हार्पेन्डन गावाजवळ रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून चालत आलेले कृषिसंशोधन केंद्र आहे. तेथील गव्हाच्या एका शेतातून मर्सर व हॉल या दोघा संशोधकांनी सारखा दिसणारा एक एकराचा तुकडा निवडला. सर्व तुकड्यात गहू एकच, खत एकच व मशागतही एकच होती. कापणीच्या वेळी त्यांनी त्या एकराचे पाचशे समान वाफे पाडून प्रत्येक वाफ्याचे धान्य निराळे तोलले. एक वाफा सुमारे ८७ चौरस फुटांचा, म्हणजे आपल्या एका गुंठ्यात असे साडेबारा वाफे बसतील एवढा होता. हे आकडे १९११ मध्ये प्रसिद्ध झाले व जगभरच्या शेतीसांख्यिकीत ते आजतागायत अभ्यासले जातात.

निकाल असा निघाला. सर्वांत हलक्या वाफ्यात २.७३ पौंड धान्य भरले व सर्वांत जड वाफ्यात ५.१६ पौंड. सरासरी ३.९५ पौंड होती. एकराच्या हिशेबाने पाहता हलका वाफा सुमारे ६.२ क्विंटलांचा, सरासरी सुमारे ९ क्विंटलांची आणि जड वाफा सुमारे ११.७ क्विंटलांचा. एकाच एकरात, एकाच बियाण्यात, जवळजवळ दुपटीचा फरक! जमीन वरून सपाट व एकरंगी दिसली तरी तिच्या पोटात ओल, खोली, कस व निचरा हातागणिक बदलत असतात, हे या आकड्यांनी उघड केले.

आता पाचशे आकड्यांची यादी कोणासमोर ठेवली तर तो ती वाचणार नाही, आणि वाचली तरी त्यास बोध होणार नाही. म्हणून त्या यादीचे वर्ग पाडून सारणी करतात. येथे प्रत्येक वर्ग ०.२ पौंडांचा घेतला आहे. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा त्या वर्गाच्या मध्याचा व तिसरा त्या वर्गात पडलेल्या वाफ्यांच्या संख्येचा, म्हणजे वारंवारतेचा आहे.

२.७ ते २.९ — २.८ — ४
२.९ ते ३.१ — ३.० — १५
३.१ ते ३.३ — ३.२ — २०
३.३ ते ३.५ — ३.४ — ४७
३.५ ते ३.७ — ३.६ — ६३
३.७ ते ३.९ — ३.८ — ७८
३.९ ते ४.१ — ४.० — ८८
४.१ ते ४.३ — ४.२ — ६९
४.३ ते ४.५ — ४.४ — ५९
४.५ ते ४.७ — ४.६ — ३५
४.७ ते ४.९ — ४.८ — १०
४.९ ते ५.१ — ५.० — ८
५.१ ते ५.३ — ५.२ — ४
एकूण — ५००

बहुभुज म्हणजे काय

प्रत्येक वर्गावर त्याच्या वारंवारतेइतक्या उंचीचा आयत उभारला म्हणजे आयतालेख तयार होतो. प्रत्येक आयताच्या माथ्याचा मध्यबिंदू घेऊन ते बिंदू क्रमाने सरळ रेषांनी जोडले म्हणजे वारंवारता बहुभुज होतो. आयत न काढताही बहुभुज काढता येतो, कारण जोडावयाचे बिंदू म्हणजे वर्गमध्य व वारंवारता यांच्या जोड्याच होत: (२.८, ४), (३.०, १५), (३.२, २०) आणि याप्रमाणे पुढे.

येथे पुष्कळांची एक चूक होते. पहिला बिंदू २.८ वर व शेवटचा ५.२ वर सोडून दिला तर रेषा अधांतरी लोंबकळत राहते. ती आकृती बंद होत नाही, सबब तिला बहुभुज म्हणता येत नाही. यास्तव सारणीच्या दोन्ही टोकांस एक एक रिकामा वर्ग कल्पावयाचा: खाली २.५ ते २.७ व वर ५.३ ते ५.५. त्यांत एकही वाफा नाही, म्हणून त्यांची वारंवारता शून्य. त्यांचे मध्य २.६ व ५.४. रेषा (२.६, ०) पासून निघून (५.४, ०) वर जमिनीस टेकली म्हणजे आकृती पुरी झाली.

हा केवळ शोभेचा नियम नव्हे. शेजारच्या दोन आयतांचे मध्यबिंदू जोडताना रेषा उंच आयताचा एक कोपरा कापून टाकते व ठेंगण्या आयतावर तेवढाच एक त्रिकोण चढविते. वर्गांची रुंदी समान असली तर हे दोन त्रिकोण तंतोतंत सारखे असतात. म्हणून टोके बंद केलेल्या बहुभुजाचे क्षेत्रफळ आयतालेखाच्या क्षेत्रफळाइतकेच राहते. आपल्या उदाहरणात ते ५०० गुणिले ०.२, म्हणजे १०० येते. टोके मोकळी ठेवली तर कडेचे दोन तुकडे हरवतात व चित्र खोटे बोलू लागते.

संगणकावर आकृती काढण्याची रीत

कागदावर ही आकृती काढण्यास आलेखवही, पट्टी व अर्धा तास पुरतो. परंतु वर्ग बदलून पाहावयाचे असतील किंवा दोन हंगामांची तुलना करावयाची असेल, तर दर वेळी नवा कागद घ्यावा लागतो. हे काम गणिती सॉफ्टवेअर क्षणात करते. त्यांपैकी जिओजेब्रा हे आमच्या मते शेतकरी मंडळास व गावच्या शाळेस सर्वांत सोयीचे आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये त्याची सुरुवात केली. शिक्षणासाठी व खाजगी उपयोगासाठी त्यास दाम पडत नाही, आणि ते संगणकावर तसेच मोबाइलवरही चालते.

पुढील आज्ञा सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना अक्षरे व अंक इंग्रजी वापरावे, आणि आज्ञेच्या नावातील शब्दांमध्ये जागा सोडू नये.

पहिली पायरी. वर्गांच्या सीमांची यादी महिरपी कंसांत द्यावी. दोन्ही रिकामे वर्ग तिच्यात आलेच पाहिजेत:
एल१ = {२.५, २.७, २.९, ३.१, ३.३, ३.५, ३.७, ३.९, ४.१, ४.३, ४.५, ४.७, ४.९, ५.१, ५.३, ५.५}

दुसरी पायरी. त्याच क्रमाने वारंवारतांची यादी द्यावी:
एल२ = {०, ४, १५, २०, ४७, ६३, ७८, ८८, ६९, ५९, ३५, १०, ८, ४, ०}

येथे मोजणी करून पाहावी. सीमा सोळा आहेत व वारंवारता पंधरा. कुंपणाच्या पंधरा गाळ्यांस सोळा खांब लागतात, तसाच हा हिशेब आहे. सीमा वारंवारतांपेक्षा बरोबर एकाने अधिक नसल्या तर सॉफ्टवेअर आकृती काढणार नाही. बहुतेक नवशिके येथेच अडतात.

तिसरी पायरी. आयतालेखासाठी हिस्टोग्राम(एल१, एल२) ही आज्ञा द्यावी व बहुभुजासाठी फ्रीक्वेन्सीपॉलिगॉन(एल१, एल२) ही द्यावी. दोन्ही आकृत्या एकमेकींवर पडतील आणि बहुभुज आयतांच्या माथ्यांच्या मध्यांतून जातो की नाही हे डोळ्यांनी पडताळता येईल. खात्री झाली म्हणजे आयतालेख लपवावा व बहुभुज तेवढा ठेवावा.

चौथी पायरी. आरंभी पडद्यावर काही उभ्या रेषा वर निघून गेलेल्या दिसतील व आकृती बिघडल्याचा भास होईल. आकृती बिघडलेली नसते. आडव्या अक्षावर आपले आकडे तीन एककांत मावतात आणि उभ्या अक्षावर ते अठ्ठ्याऐंशीपर्यंत चढतात, म्हणून असे दिसते. आलेखाच्या सेटिंगमध्ये जाऊन क्ष-अक्ष २ ते ६ व य-अक्ष ० ते १०० असा ठरवावा. मग आकृती नीट मावते. शेवटी क्ष = ३.९५ हे समीकरण दिले म्हणजे सरासरीची उभी रेषा उमटते.

वर्ग पाडलेले नसून मूळ वजनांचीच यादी हाती असेल, तर दुसऱ्या यादीच्या जागी ती यादी देऊन तिसऱ्या जागी फॉल्स हा शब्द लिहावा. मग वर्गवार मोजणी सॉफ्टवेअर स्वतःच करते. त्या वेळी नेमका सीमेवर पडलेला आकडा ते पुढील वर्गात धरते. केवळ शेवटच्या वर्गाची वरची सीमा त्याच वर्गात धरली जाते. हाताने मोजणी करणाऱ्यानेही असाच एक नियम आधी ठरवून तो शेवटपर्यंत पाळावा, नाहीतर एकच वाफा दोनदा मोजला जाईल किंवा मुळीच मोजला जाणार नाही.

वर्ग किती पाडावे

फार मोठे वर्ग घेतले तर आकृती बोथट होते. वरील सारणीचे तीन तीन वर्ग एकत्र करून ०.६ पौंडांचे वर्ग केले, तर वारंवारता ३९, १८८, २१६, ५३ व ४ एवढ्या पाचच उरतात. शिखर कोठे आहे याचा अंदाज तेवढा येतो, पण उतार कसा आहे हे कळत नाही. उलटपक्षी ०.०५ पौंडाचे वर्ग केले तर आकृती करवतीच्या दात्यांसारखी होते, आणि ज्या चढउतारांस काहीच अर्थ नाही त्यांतही वाचक अर्थ शोधू लागतो. हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये सुचविलेल्या नियमाप्रमाणे पाचशे आकड्यांस सुमारे दहा वर्ग पुरतात. नियमास चिकटून न राहता दोनतीन प्रकारे वर्ग पाडून पाहावे. जे वैशिष्ट्य प्रत्येक वेळी टिकते ते खरे मानावे. जे एकदाच दिसून नाहीसे होते त्यावर भरवसा ठेवू नये.

आणखी तीन गोष्टींस जपावे. कपाशीच्या झाडावरील बोंडांप्रमाणे मोजून घेतलेले आकडे १० ते १४, १५ ते १९ अशा तुटक वर्गांत असतात. त्यांच्या सीमा ९.५, १४.५, १९.५ अशा सलग करून घ्याव्या. दुसरे असे की, वर्गांची रुंदी असमान असेल तर वारंवारतेस रुंदीने भागून आलेली संख्या उंची म्हणून घ्यावी. आपल्या कृषिगणनेत खातेदारांचे वर्ग १ हेक्टरपर्यंत, १ ते २, २ ते ४, ४ ते १० असे वाढत्या रुंदीचे असतात. तेथे वारंवारता जशीच्या तशी उंची म्हणून घेतली तर रुंद वर्ग फुगून दिसतात. तिसरे म्हणजे, त्याच गणनेतील शेवटच्या ‘१० हेक्टर व त्याहून अधिक’ अशा उघड्या वर्गास मध्यच नसतो. तेथे बहुभुज काढण्याचा आग्रह धरू नये, सारणीच द्यावी.

आकृती काय सांगते

आता मूळ आकृतीकडे पाहू. रेषा डावीकडून हळूहळू चढते, ४.० पौंडांवर शिखर गाठते व उजवीकडे तशीच उतरते. टेकडी एकच आहे. ३.५ ते ४.५ पौंडांच्या दरम्यान ३५७ वाफे, म्हणजे शंभरांत एकाहत्तर, पडतात. तिच्याखाली ८६ आहेत व तिच्यावर ५७. पसाऱ्याचे माप ज्यास प्रमाण विचलन म्हणतात ते सुमारे ०.४६ पौंड, म्हणजे सरासरीच्या शेकडा साडेअकरा ते बारा येते.

या मापावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. या शेतातील कोणतेही दोन वाफे डोळे मिटून निवडले, तर त्यांच्या वजनांत सरासरीच्या वीस टक्क्यांहून अधिक फरक पडण्याचा संभव पाच जोड्यांमागे सुमारे एका जोडीचा आहे. अशा वाफ्यांवर दोन वाणांची परीक्षा केली असती, तर दोन्ही वाण मुळात एकच असूनही पाचांपैकी एका गावी कोणीतरी ‘विजयी’ ठरला असता! वाफा मोठा घेतला की हा धोका घटतो. परंतु लगतची जमीन बहुधा एकाच जातीची असल्यामुळे वाफा चौपट केला तरी पसारा निम्म्यावर येत नाही. खरा उपाय वाफे विखुरण्यात आहे. मर्सर व हॉल यांची शिफारस अशी होती की, प्रत्येक प्रकारास एक चाळीसांश एकराचे पाच वाफे शेतात निरनिराळ्या जागी द्यावे. एक चाळीसांश एकर म्हणजे आपला एक गुंठाच होय. तेव्हा ही शिफारस आपल्या शेतकऱ्यास वेगळे माप न शिकता पाळता येण्यासारखी आहे. पुढे १९१९ मध्ये रोथॅमस्टेडला आलेल्या फिशर यांनी त्यात एका गोष्टीची भर घातली: कोणत्या जागी कोणते वाण पेरावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे चांगली जमीन आपल्या आवडत्या वाणास देण्याचा मोह आपोआपच टळतो.

बहुभुजाचा आणखी एक गुण असा की, दोन किंवा तीन बहुभुज एकाच कागदावर काढता येतात. आयतालेख एकावर एक ठेवले तर गोंधळ होतो; रेषा मात्र रंगांनी निराळ्या ओळखू येतात. दोन गटांतील संख्या सारख्या नसतील तर वारंवारतांऐवजी त्यांचे शेकडा प्रमाण घ्यावे, नाहीतर मोठा गट उगाच उंच दिसेल. एक टेकडी दुसरीच्या उजवीकडे स्पष्ट सरकलेली असेल तर फरक विचारात घ्यावा. दोन्ही टेकड्या एकमेकींत मिसळलेल्या असतील तर घाई करू नये. एकाच बहुभुजास दोन शिखरे आली, तर बहुधा दोन निराळ्या गोष्टी आपण एकत्र मोजल्या आहेत असे समजावे: बागायत व जिरायत, किंवा काळी जमीन व मुरमाड.

आपल्याकडील उपयोग

हा विषय परदेशातील एका शेतापुरता नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे व त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात पिकांचे उत्पन्न अंदाजण्यासाठी यादृच्छिक पीक कापणी प्रयोगांची पद्धत या देशात रुजविली. शेतीतील सांख्यिकी पद्धतींवरील त्या दोघांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला व कृषिमहाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. ठराविक मापाचा तुकडा आखून, कापून व तोलून उत्पन्न काढण्याची ती पद्धत आज पीक विम्याच्या कामी येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पन्नावर आधारलेली भरपाई एकट्या शेतकऱ्याच्या नुकसानीवरून ठरत नाही. ती अधिसूचित क्षेत्राच्या सरासरीवरून ठरते. सरासरी उंबरठा उत्पन्नापेक्षा वर राहिली, तर त्याच क्षेत्रात ज्याचे पीक बुडाले त्याच्या हातीही त्या खात्यावर काही पडत नाही.

सरासरी ही एकच संख्या असते. तिच्या डाव्या बाजूस किती माणसे उभी आहेत हे ती सांगत नाही. बहुभुज ते सांगतो. म्हणून आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक गावच्या मंडळाने दर हंगामी निदान पन्नास सभासदांच्या शेतांतून एकाच मापाचे तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडावे, त्यांची वजने जमीन व पाणी यांच्या नोंदीसह लिहून ठेवावी आणि त्यांचा बहुभुज काढावा. शाळेतील नववी-दहावीची मुले हे काम एका दुपारी आनंदाने करतील. हा भाग त्यांच्या गणितातही येतो. दोनतीन वर्षांचे बहुभुज एकाखाली एक लावले म्हणजे गावात कोणाचे उत्पन्न सुधारले, कोणाचे मागे पडले व टेकडीचे डावे टोक लांबत चालले आहे काय, हे दिसू लागेल. अशा नोंदीमुळे विम्याचा निर्णय आपोआप बदलणार नाही हे खरे. परंतु क्षेत्र फार मोठे आहे व त्यात भिन्न जमिनी एकत्र झाल्या आहेत, असे म्हणणे मांडावयाचे झाल्यास दोन शिखरांचा एक आलेख दहा तक्रारअर्जांपेक्षा अधिक बोलतो.

तसेच पुढल्या खेपेस कोणी दोन वाफ्यांचे वजन दाखवून बियाणे किंवा औषध विकावयास आला, तर त्यास नम्रपणे एवढेच विचारावे: ‘साहेब, असे वाफे किती घेतले, ते कोठे कोठे होते, आणि त्या सर्वांची वजने काय भरली?’ उत्तरात वजनांची यादी मिळाली तर ती घरी आणून वरील रीतीने तिचा बहुभुज काढावा व मग मागणीचा विचार करावा. यादीच नसेल, तर एका वाफ्याच्या विजयावर संपूर्ण हंगामाचे भांडवल लावू नये.